बाहेरून आलेली लेकरं आणि वर्गातली जागा
वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत एक विषय सारखा येत राहिला: वर्गातलं नवं लेकरू. कुणाचे आईबाप बिहार-उत्तर प्रदेशातून वाळूजच्या कंपन्यांत आलेले, कुणाचे जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये. कुणी कोयत्याबरोबर, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या आईबापांसंगं, सहा महिने बाहेर राहून परतलेलं, कुणी बंजारा तांड्यावरून तालुक्याच्या शाळेत आलेलं. 'या मुलांना शाळा आपली वाटावी म्हणून कोणता उपक्रम घ्यावा?' असं बहुतेकांनी विचारलंय. उपक्रमांवर आमची फारशी श्रद्धा नाही. हजेरीत नाव कसं पुकारलं जातं, खिचडीच्या रांगेत शेजारी कोण उभं राहतं, प्रश्न विचारल्यावर गुरुजी किती वेळ थांबतात, यावर मुलाचा जीव शाळेत रमतो की नाही ते ठरतं. म्हणून उत्तरंही तशीच, रोजच्या कामातली दिली आहेत.

प्रश्न : दुसरीच्या वर्गात जूनपासून एक मुलगा येतो, घरचे बिहारचे. ऑगस्ट संपत आला, वर्गात एक शब्द बोललेला नाही. हिंदीत विचारलं तरी मान खाली. त्याचं नाव विशेष गरजा असलेल्या मुलांच्या यादीत घालावं का?
— एक शिक्षिका, वाळूज परिसर

एवढ्यात नको. नव्या भाषेत पडलेली बरीच मुलं आधी नुसती ऐकतात. हा गप्प काळ काही आठवड्यांचा असतो, कधी सहा महिन्यांपर्यंतही लांबतो. त्या काळात मूल रिकामं बसलेलं नसतं. 'वही उघड', 'खिडकी लाव', 'लाल खडू दे' एवढंच सांगून बघा, हातवारे न करता. केलं, तर भाषा आत जाते आहे.

तरी दोन गोष्टी तपासा. मुलाच्या पाठीमागून हळू आवाजात नाव घ्या. दोन-तीनदा घेऊनही वळला नाही तर कान दाखवायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा हे नाव आठवणीनं पुढे करा. दुसरं, आईला विचारा: घरी बोलतो का? भावंडांशी भांडतो का? काल काय झालं ते सांगतो का? घरी तोंडाचा पट्टा चालू असेल तर भाषेचा दोष नाही. मात्र घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत कुणाशीच बोलत नसेल, स्वतःच्या बोलीतल्या मित्राशीसुद्धा नाही, आणि शाळेचा पहिला महिना सोडून हे महिनाभराहून जास्त चाललं असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या बालरोग किंवा मानसोपचार विभागाचा सल्ला घ्या. तो वेगळा प्रकार आहे, त्याचं कारण भाषा न येणं हे नसतं.

हिंदीत विचारूनही उत्तर येत नाही याचं नवल नको. घरात भोजपुरी, मैथिली नाहीतर मगही असेल; हिंदी त्यालाही पुस्तकातलीच. तुमची हिंदी पूल म्हणून जरूर वापरा, पण 'मी हिंदीत सांगितलं, म्हणजे त्याला कळलं' असं धरू नका.

पहिल्या आठवड्यात अक्षरांआधी गरजेची वाक्यं द्या: मला पाणी प्यायचंय. लघवीला जाऊ? मला कळलं नाही. परत सांगा. पोटात दुखतंय. माझ्याकडे पेन्सिल नाही. आठ-दहा पुरेत, आणि ती सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्या, त्याच्या एकट्याकडून नको. लघवीला जाऊ का हे विचारता न आल्यानं चड्डी ओली झाली की पोरगं दुसऱ्या दिवसापासून शाळाच टाळतं, आणि आपण म्हणतो घरच्यांना शिक्षणाची आवड नाही.

प्रश्न विचारताना पायऱ्या ठेवा. आधी बोटानं दाखवण्याचं उत्तर, मग हो-नाही, मग दोनांतलं एक ('हा बैल की गाय?'), मग एक शब्द, शेवटी वाक्य. पायरी वर गेल्यावर अडला तर खाली या. विचारल्यावर आपण सहसा एक सेकंदही थांबत नाही. नव्या भाषेतल्या मुलाला निदान पाच लागतात. मनात आकडे मोजा. गणितात 'पैंतालीस' म्हणाला तर उत्तर बरोबर धरा आणि मागोमाग 'हो, पंचेचाळीस' म्हणा. चुकाही तशाच दुरुस्त करायच्या, त्याचंच वाक्य नीट करून परत बोलायचं, बस. 'ळ' हिंदीत नाही, नपुंसकलिंग नाही, म्हणून 'फल लाल आहे' किंवा 'ती झाड' हे येणारच. 'खाली', 'शिक्षा', 'चेष्टा' या शब्दांचा अर्थ दोन्ही भाषांत वेगळा. 'डबा खाली आहे' म्हणाला तर त्याला डबा रिकामा आहे असं सांगायचं असतं. आणखी एक घोळ असा, की गल्लीत तो 'काय करायलास?' ऐकतो आणि पुस्तकात 'काय करतो आहेस?' वाचतो. हे दोन्ही मराठीच आहे, असं कुणीतरी त्याला सांगायला हवं.

शेजारी जोडीदार द्या, पण दर आठवड्याला बदला. एकाच हुशार मुलीवर वर्षभर दुभाष्याचं काम टाकलं की ती वैतागते आणि हा तिच्याशिवाय हलत नाही.

खेळापुरती मराठी एक-दोन वर्षांत येते. पुस्तकातली, म्हणजे 'कारण सांगा', 'फरक लिहा' हे समजण्याइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात असं दुसऱ्या भाषेवरचे अभ्यास सांगतात. तोवरच्या चाचण्यांवरून बुद्धीचा निवाडा नको.

प्रश्न : दिवाळीनंतर मिलच्या वसाहतीतून चार मुलं आली. दाखला नाही, दोघांचं आधार नाही, एकाच्या जन्माची नोंद नाही. ऑनलाइन नोंद होईपर्यंत वर्गात बसवू नका, असं कुणी म्हणतं. नावं लिहितानाही गोंधळ होतो.
— मुख्याध्यापक, जालना

बसवा, आजच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात हे सगळं लिहिलेलं आहे. कलम ५ : दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, मग मूल दुसऱ्या राज्यातून आलेलं का असेना. कलम १४ : वयाचा पुरावा नाही म्हणून अडवता येत नाही. कलम १५ : वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो. कलम ४ : वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण. नऊ वर्षांच्या मुलीला अक्षरं येत नाहीत म्हणून पहिलीत बसवणं यात बसत नाही, आणि व्यवहारातही ते घातक. लहानांत एकटी उंच दिसणारी पोर फार दिवस टिकत नाही. जन्माचा दाखला नसेल तर दवाखान्याची किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरमधली नोंद, अंगणवाडीची नोंद, तेही नसेल तर पालकाचं घोषणापत्र. आधार नसल्यावरून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालातून स्पष्ट आहे. ऑनलाइन नोंदीचं काम मूल वर्गात बसलेलं असताना होऊ द्या.

आता नावं. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी घडी पक्की बसलेली. बिहार-उत्तर प्रदेशाकडे ती नाही. मुलगा रोशन कुमार, बहीण पूजा कुमारी, बाप सुरेश पासवान, आई सुनीता देवी, हे एकाच घरातलं असतं. आपल्या जनरल रजिस्टरमध्ये मग तीन प्रकारच्या चुका होतात. 'कुमार' आडनावाच्या रकान्यात जातं आणि भावाबहिणीची आडनावं वेगळी पडतात. 'कुमारी' म्हणजे 'कु.' समजून गाळलं जातं. मध्ये बापाचं नाव घुसवलं जातं, जे दुसऱ्या कुठल्याच कागदावर नसतं. शिष्यवृत्ती, बँकेचं खातं, दहावीचा फॉर्म, सगळं पुढे इथंच अडकतं. शाळा सोडल्यावर दुरुस्ती करून घेताना तर कामगार माणसाच्या कैक रोजी बुडतात.

म्हणून जन्मदाखला असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर आधीच्या शाळेच्या कागदाप्रमाणे, काहीच नसेल तर पालक सांगतील तसं लिहा. रकान्यासाठी नाव बदलू नका. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवा, देवनागरी आणि रोमन दोन्ही स्पेलिंग दाखवा, मग सही किंवा अंगठा घ्या. पुष्कळ घरांत जातीचं आडनाव लावतच नाहीत. तेव्हा 'आडनाव काय? पूर्ण सांग' असं वर्गासमोर खोदून विचारणं टाळा. मातृभाषेच्या रकान्यात सरसकट 'हिंदी' लिहायची घाई नको, आईला विचारा. हजेरीला नाव घरी म्हणतात तसं घ्या. आणि शिपाईमामापासून खिचडीवाल्या ताईंपर्यंत कुणी 'ए बिहार' अशी हाक मारत असेल, तर ती आधी बंद करा. पोरं ती हाक मोठ्यांकडूनच उचलतात.

प्रश्न : पोरगा-सून ऊसतोडीला साखर कारखान्याला जातात. नात दिवाळीच्या सुमारास त्यांच्यासंगं जाते, उन्हाळ्याच्या तोंडावर येते. आली की पोरी म्हणतात, ही आपल्या शाळेची नाही. मागं बसावं लागतं. गुरुजी चांगले हायेत, पण पोरीचं मन उठलंय. माझ्याजवळ ठेवू का?
— एक आजोबा, धारूर तालुका

आजोबा, तुमचं आणि आजीचं अंग चालत असेल तर ठेवा. टोळी निघायच्या आधी, म्हणजे सप्टेंबरातच, शाळेत जाऊन हंगामी वसतिगृहाचं विचारा. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणाऱ्या या सोयीत मागं राहिलेल्या लेकरांच्या जेवणाची आणि अभ्यासाची व्यवस्था होते. यादी टोळी जाण्याआधी होते. गाडी भरल्यावर गेलात तर नाव बसवणं जड जातं. एक गोष्ट मात्र पोराशी आणि सुनेशी आधी बोलून घ्या. मुलीला उसाच्या फडावर नेण्याचं कारण पुष्कळदा कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळणं हेच असतं. उचल, म्हणजे कामाचे आगाऊ पैसे, घेताना दोघांच्या कामाचा हिशेब धरलेला, मग तान्ह्याला बघायचं कुणी? याचं उत्तर निघालं नाही तर डिसेंबरात निरोप येतो आणि पोर निघून जाते.

जाणं भागच असेल तर शिक्षण हमी कार्ड घेऊन पाठवा. त्यावर ती कितवीत आहे, काय काय येतं, हे लिहिलेलं असतं. कारखान्याजवळच्या शाळेला तिला घ्यावंच लागतं. पुस्तकं गाठोड्यात टाका. इथल्या पटावरून नाव कमी झालं नाही ना, हे स्वतः विचारा.

पुढचं गुरुजींसाठी. हे पत्र त्यांना वाचून दाखवायला हरकत नाही. 'ही आपली नाही' हे पोरींच्या डोक्यात येतं, कारण सहा महिने तिचा उल्लेखच होत नाही. जाण्याच्या दिवशी वर्गाला सांगा, ती अमुक गावच्या शाळेत जातेय, एप्रिलमध्ये परत येईल. हजेरी घेताना तिचं नाव घेत राहा, वर्गानं 'कारखान्यावर' म्हणावं. आठ-पंधरा दिवसांनी बापाच्या फोनवर वर्गाचा आवाज पाठवा, एक कविता नाहीतर एक कोडं. तिच्याकडून आलेलं उत्तर परिपाठात ऐकवा. परत आल्यावर तिची जुनीच जागा द्या. पहिले दहा दिवस चाचणी नको. काय सुटलंय ते एकेका विषयात तोंडी बघा आणि रोज अर्धा तास त्यावरच काम करा.

टनाचा भाव, खेपा, वाढ्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या यांचा तोंडी हिशेब या मुलांना चांगला येतो, गणितात तो वापरा. घरच्या उचलीचे आकडे मात्र वर्गात विचारायचे नाहीत. कर्ज ही घरातली गोष्ट आहे.

प्रश्न : चौथीत ३२ मुलं, ११ परप्रांतीय. 'भैय्या', 'बिहारी' म्हणून चिडवणं, मग मारामारी. दोघांना उभं करून माफी मागायला लावते, चार दिवसांनी पुन्हा तेच. काय करावं?
— एक शिक्षिका, रांजणगाव

सक्तीची माफी मुलं तोंडानं मागतात आणि त्याचा वचपा नळावर काढतात. चिडवणं कानावर आलं की तिथंच थांबवा, एका वाक्यात: 'या वर्गात गावावरून नाव ठेवायचं नाही.' भाषण नको. दोघांशी नंतर वेगवेगळं बोला, चिडवलेल्याशी आधी. 'तू लक्ष देऊ नकोस' असं त्याला सांगू नका. बाई आपल्या बाजूनं नाहीत, असाच त्याचा अर्थ तो घेतो.

मग वर्गाचा नकाशा काढा. एकेकाला बाजूला बोलावून विचारा: तुला कुणाजवळ बसायला आवडेल, तीन नावं सांग. ('कोण आवडत नाही' हे कधीच विचारू नका, त्यातून नवी भांडणं निघतात.) कागदावर ३२ गोल, प्रत्येकाकडून तीन बाण. ज्या गोलाकडे एकही बाण येत नाही ते मूल कोण, आणि कोणत्या दोन घोळक्यांमध्ये बाणच नाहीत, हे अर्ध्या तासात दिसतं. पुष्कळदा चिडवल्या जाणाऱ्या मुलाला तरी तीन-चार मित्र असतात. खरी एकटी पडलेली मुलगी वेगळीच निघते, जी भांडत नाही म्हणून दिसत नाही. कागद कुलपात ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा काढा.

घोळके फोडायला नुसतं शेजारी बसवणं पुरत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच चार अटी मांडल्या होत्या: दोन्ही बाजूंना सारखा दर्जा, समान ध्येय, ते गाठायला एकमेकांच्या मदतीनं काम करावं लागणं, आणि वरच्या माणसाचा पाठिंबा. यातली तिसरी अट बहुतेक गटकामांत हुकते, कारण एकटा हुशार पोरगा सगळं लिहून टाकतो. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांचे वर्ग एकत्र झाले तेव्हा भांडणं पेटली. १९७१ मध्ये एलियट ॲरनसन यांनी तिथं तुकड्यांची पद्धत आणली. आपल्या चौथीत ती अशी बसते.

परिसर अभ्यासातला एक पाठ घ्या, समजा पाण्याचा. पाच चिठ्ठ्या, प्रत्येकीवर पाच-सहा ओळी: पाणी कुठून येतं, साठवण, शुद्ध करणं, वापर, दुष्काळ. ३२ मुलांचे सहा गट, चारांत पाच-पाच, दोनांत सहा-सहा. सहाच्या गटात एक चिठ्ठी दोघांत. प्रत्येक गटात परप्रांतीय दोनांहून जास्त नकोत, पण शक्यतो एकटंही नको. आता सगळ्या गटांतले 'साठवण'वाले एकत्र, 'दुष्काळ'वाले एकत्र, असे बसवून दहा-बारा मिनिटं आपला भाग वाचू द्या, बोलून बघू द्या. ही पायरी गाळली की पद्धत फसते. मराठीत अडखळणाऱ्याला आपल्या गटासमोर जाण्याआधी तालीम इथंच मिळते. मग मूळ गटात परत, प्रत्येकाला तीन मिनिटं. शेवटी पाच तोंडी प्रश्न, कुणालाही, कुठल्याही भागाचे. आपल्या गटातला 'बिहारी' नीट सांगू शकला नाही तर आपलेच गुण जातात, हे कळल्यावर त्याला हसणारी पोरं त्याला प्रश्न विचारून बोलतं करू लागतात. आठवड्यातून दोनदा, निदान दोन महिने. पहिल्या दोन-तीन वेळा गोंधळ होतो. तेव्हा सोडून देऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा मराठी शाळेत जाऊन हिंदी बोलायला लागलाय. त्याची मराठी बिघडेल का?
— पालक, बजाजनगर

घरी मराठी वाचली-बोलली जात असेल तर नाही. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात मराठवाड्यातली किती मुलं उर्दूतून शिकली. घरची मराठी त्यांनी जपलीच. मैदानावर लंगडी, लगोरी, विटीदांडू शाळेनं मराठी शब्दांत खेळायला लावले तर नव्या मुलांची मराठीही सुधारेल. लगोरीला ती 'पिट्ठू' म्हणतात, ओळखीचाच खेळ आहे.

प्रश्न : संस्कृती दिनाला परप्रांतीय मुलांना त्यांच्या राज्याचा पोशाख घालून आणायचं ठरतंय. कल्पना कशी वाटते?
— शिक्षक, वाळूज

नको. यातली कितीतरी मुलं इथंच जन्मली, गाव दोनदा पाहिलेलं. अशा मुलाला बिहारचा प्रतिनिधी केलं की तो पाहुणाच ठरतो, शिवाय पोशाखाचा खर्च घरावर. त्यापेक्षा आठवड्यातून एका परिपाठात एक कोडं किंवा गाणं घरच्या बोलीतलं ठेवा, ज्याला सांगायचं त्यानं. इथल्या मुलांच्या बोलीही त्यात येऊ द्या.

प्रश्न : आम्ही तांड्यावरचे, मुलगी तालुक्याच्या शाळेत तिसरीला. हल्ली आमची बंजारा बोली, गोरमाटी, बोललं की ती मराठीत उत्तर देते. माझी याडी, म्हणजे तिची आजी, फेटिया-काचळी या आमच्या पोशाखात तिला न्यायला गेली तर पोरगी म्हणाली, 'तू येऊ नको.' आम्हाला फार लागलं.
— एक वडील, जिंतूर तालुका

बंजारा घरं कित्येक पिढ्या इथली, तरी शाळेच्या दारात मूल नवखंच असतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला कोणत्या बोलीला हसतात हे बरोबर कळतं. तेव्हा रागावू नका, आणि 'आपल्या समाजाचा अभिमान धर' हेही सध्या बाजूला ठेवा. आजीनं जाणं थांबवू नका. ती थांबली की लपवण्यासारखं काहीतरी होतं, हे मुलीच्या मनात पक्कं होतं. पण काही दिवस तुम्ही दोघं मिळून जा.

घरी ती मराठीत उत्तर देईल, देऊ द्या. तुम्ही गोरमाटीतच बोलत राहा. फक्त कामापुरतं 'इकडे ये, जेव' एवढंच बोललात तर बोली स्वयंपाकघरात अडकते. शाळेत आज काय झालं, गणित कसं सोडवलं, टीव्हीवर काय सांगितलं, तेही गोरमाटीत होऊ द्या. गावातला पाहुणा आल्यावर तुम्ही स्वतः आवाज खाली करून मराठीवर येता का, हेही बघा. मुली ते टिपतात.

बाईंना भेटा आणि दोनच गोष्टी मागा. एक, रजिस्टरमध्ये मातृभाषा काय लिहिलीय ते बघायची. गोरमाटी नसेल तर दुरुस्तीचा अर्ज द्या. दुसरी, वर्गात घरातल्या वीस वस्तूंचा आणि नात्यांचा तक्ता करायचा, वर्गात जितक्या बोली तितके रकाने: आईसमोर याडी, भाकरीसमोर बाटी, असं. तो भिंतीवर राहू द्यायचा आणि दर सोमवारी दोन शब्द सगळ्यांनी म्हणायचे. तुमच्या मुलीलाच पुढे उभं करून 'हिच्या भाषेत सांग' असं करू नये, हे बाईंना स्पष्ट सांगा. ती स्वतःहून हात वर करीपर्यंत थांबायचं. १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराजांची जयंती असते. शाळेत होत असेल तर लेंगी, म्हणजे बंजारा गाणी, म्हणायला तांड्यावरच्या दोन-तीन बायांना बोलवा, त्यात आजीही असू द्या. एकटी आजी आणि ओळीनं बसलेली शाळा, असं नको.

हे सगळं करण्याआधी मुलीला एकदा निवांत विचारा, शाळेत कुणी काही म्हणतं का. 'तांड्यावरची' म्हणून कुणी चिडवत असेल, किंवा कुणी शिक्षक बोलीवरून टाकून बोलत असतील, तर तक्त्याची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडे जा. शिक्षकांचं असं बोलणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मानसिक त्रास म्हणून मोडतं. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर तीच प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे.